बेंझो-ए-पायरीनचं गणित: कर्करोगकारक हायड्रोकार्बन आणि त्यांच्या मेटाबोलाइट्सवर क्वांटम केमिस्ट्री कशी करायची

पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे पीएएच, घेऊन क्वांटम केमिस्ट्रीची गणितं करायला बसलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं सूत्र) कुठलं घेऊ, बेसिस सेट (कक्षक ज्यांतून रचतात ती फलनं) कुठला? प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर चौथा-पाचवा. आधी ठरवायचं असतं ते गणित कुठल्या रेणूवर करायचं. या विषयाचा अर्धा इतिहास चुकीच्या रेणूवर केलेल्या बरोबर गणितांचा आहे.

१९३३ साली लंडनमध्ये कोळशाच्या डांबरातून बेंझो-ए-पायरीन वेगळं काढलं गेलं. पुढच्या दोन दशकांत पॅरिसमध्ये आल्बेर्त आणि बर्नार्ड पुलमन या दांपत्याने अशा रेणूंवर मॉलिक्युलर ऑर्बिटलची गणितं केली, तीही कॉम्प्युटर हाताशी नसताना. रेणूच्या काठावरचा एक इलेक्ट्रॉनसमृद्ध बंध, ज्याला त्यांनी 'के-रीजन' म्हटलं, पुरेसा सक्रिय असेल आणि 'एल-रीजन' निष्क्रिय असेल तर तो रेणू कर्करोगकारक, असा त्यांचा सिद्धांत. गणित चोख होतं. पण ते मूळ हायड्रोकार्बनवर केलेलं होतं, आणि मूळ हायड्रोकार्बन डीएनएला हात लावत नाही. १९७४ मध्ये पीटर सिम्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बेंझो-ए-पायरीनपासून शरीरात तयार होणारा ७,८-डायोल-९,१०-इपॉक्साइड डीएनएला चिकटतो. (डायोल म्हणजे दोन हायड्रॉक्सिल, इपॉक्साइड म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं त्रिकोणी वलय; आकडे कार्बनचे क्रमांक.) के-रीजन आहे ४,५ वर, म्हणजे घटना घडते तिथून बऱ्याच लांब. त्यानंतर डोनाल्ड जेरिना यांच्या गटाने 'बे-रीजन'ची, म्हणजे रेणूच्या काठावरच्या खाडीसारख्या खोबणीची, कल्पना मांडली, आणि आपण आज जे गणित करणार आहोत ते तिच्यावर उभं आहे.

बेंझो-ए-पायरीन आपल्याला परकं नाही. सिगरेटच्या धुरात ते असतं, चुलीत धुमसणाऱ्या लाकडाच्या धुरात असतं, तव्यावर भाजून काळी केलेल्या मिश्रीतही सापडलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, ते गट १ मध्ये टाकलंय: माणसात कर्करोग घडवणारं. त्याचाच समघटक बेंझो-ई-पायरीन गट ३ मध्ये आहे, म्हणजे वर्गीकरण करण्याजोगा पुरावा नाही. दोघांचं सूत्र एकच, सी२०एच१२. दोघांत पाच-पाच वलयं. फरक एवढाच की पाचवं वलय पायरीनच्या वेगळ्या बंधावर जोडलेलं आहे. ही जोडी आपण शेवटपर्यंत सोबत ठेवायची. या विषयात एकट्या रेणूच्या आकड्याला काडीची किंमत नाही. आकडा बोलतो तो तुलनेत.

पायरी पहिली: शरीर या रेणूचं काय करतं ते कागदावर लिहा

कॉम्प्युटर अजून बंद. बेंझो-ए-पायरीनचा मुख्य मार्ग असा आहे. सायटोक्रोम पी४५० कुळातली एन्झाइम्स (प्रामुख्याने १ए१ आणि १बी१) ७,८ बंधावर ऑक्सिजन बसवतात. इपॉक्साइड हायड्रोलेज त्या इपॉक्साइडवर पाणी घालून ट्रान्स-७,८-डायोल बनवतं. मग पी४५० पुन्हा येतं आणि ९,१० वर दुसरा इपॉक्साइड तयार होतो. हा डायोल इपॉक्साइड, बीपीडीई. त्याचा दहाव्या कार्बनपाशी असलेला कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, तिथे धनभार येतो, आणि ग्वानिनच्या वलयाबाहेरच्या अमिनो गटाचा नायट्रोजन (एन२) तिथे येऊन जुळतो.

याशिवाय दोन मार्ग आहेत. पहिला एक इलेक्ट्रॉन काढून घेण्याचा: कॅव्हालिएरी आणि रोगन यांनी मांडलेला रॅडिकल कॅटायनचा मार्ग, ज्यात बेंझो-ए-पायरीनचा सहावा कार्बन महत्त्वाचा. दुसरा आल्डो-कीटो रिडक्टेज एन्झाइम्सचा: डायोलपासून ७,८-क्विनोन होतं आणि ते ऑक्सिजनच्या सक्रिय रूपांचा सतत पुरवठा करत राहतं. तिन्ही मार्गांवर गणितं होतात, पण प्रत्येक मार्गाला वेगळा रेणू, वेगळा भार आणि वेगळा प्रश्न लागतो. या लेखात मी पहिल्या मार्गावर रेंगाळणार आहे आणि दुसऱ्याला थोडी जागा देणार आहे.

आपला प्रश्न असा: डायोल इपॉक्साइड उघडून जो कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) तयार होतो तो बेंझो-ए-पायरीनच्या बाबतीत जास्त स्थिर आहे की बेंझो-ई-पायरीनच्या? आणि किती?

पायरी दुसरी: पेन्सिल आणि कागद

ही पायरी गाळायचा मोह होईल. गाळू नका. नंतर कॉम्प्युटर जे चित्र देईल ते ओळखीचं वाटावं म्हणून ही आहे.

बीपीडीई उघडल्यावर ७ ते १० हे कार्बन अरोमॅटिक राहत नाहीत. मागे उरतं पायरीन आणि त्याला चिकटलेला एक धनभारित कार्बन. दहावा कार्बन पायरीनच्या पहिल्या स्थानाला जोडलेला असतो, म्हणून आपला नमुना १-पायरीनिलमिथिल कॅटायन. डुअर यांच्या पर्टर्बेशन पद्धतीत या धनभाराच्या पसरण्याची ऊर्जा २(१ − अ) इतकी येते, बीटा या एककात. इथे अ म्हणजे बाहेरच्या कार्बनवरचा अबंधी कक्षकाचा सहगुणक.

तो काढायची रीत: अणूंना एकाआड एक तारांकित करा, दोन तारांकित अणू शेजारी येता कामा नयेत, आणि बाहेरचा कार्बन तारांकित असला पाहिजे. पायरीनच्या क्रमांकनात तारा येतात बाहेरच्या कार्बनवर आणि २, ३ए, ५, ६, ८, ९, १०ए, १०सी वर. नियम एकच: प्रत्येक बिनतारेच्या अणूभोवतीच्या तारांकित सहगुणकांची बेरीज शून्य.

आता ३ए ला क आणि १०ए ला ख माना. तिसऱ्या कार्बनभोवती पाहिलं तर २ वर −क येतो. चौथ्याभोवती, ५ वर −क. दहाव्याभोवती, ९ वर −ख. १०बी भोवती, १०सी वर −(क + ख). ५ए भोवती, ६ वर २क + ख. ८ए भोवती, ८ वर क + २ख. सातव्याभोवती ६ आणि ८ यांची बेरीज शून्य हवी, म्हणजे ३क + ३ख = ०, म्हणजे ख = −क. मग १०सी शून्य होतो. शेवटी पहिल्या कार्बनभोवती पाहिलं की बाहेरच्या कार्बनवर २क निघतो. वर्गांची बेरीज: बाहेरचे ४, बाकी सात अणूंवर प्रत्येकी १, एकूण ११. म्हणून अ² = ४/११, अ = ०.६०३, आणि ऊर्जा ०.७९४ बीटा.

हेच सातव्या कार्बनसाठी करून पाहा. तो पायरीनच्या दुसऱ्या स्थानाला जोडलेला असतो. अ² = ४/७ निघेल, ऊर्जा ०.४८८, म्हणजे साध्या बेंझिल कॅटायनइतकीच! पायरीनसारखं मोठं अंगण शेजारी असून भार तिथे पसरत नाही. बे-रीजनचं मर्म या दोन आकड्यांत आहे: एकाच रेणूत, एकाच वलयावर, इपॉक्साइड कुठल्या बाजूने उघडतो यावर एवढा फरक पडतो.

बेंझो-ई-पायरीनच्या बे-रीजन कॅटायनसाठी नमुना ४-पायरीनिलमिथिल. तिथे अ² = ३६/८७ येतो आणि ऊर्जा ०.७१३. फेनँथ्रीन या तीन वलयांच्या पीएएचचा नमुना १-नॅफ्थिलमिथिल, तो ०.६५८ देतो. क्रम लागला: बेंझो-ए-पायरीन, बेंझो-ई-पायरीन, फेनँथ्रीन. पण इथेच एक काटा टोचायला हवा. बेंझो-ई-पायरीन फेनँथ्रीनच्या वर बसलंय, बऱ्यापैकी वर. निव्वळ कॅटायनच्या स्थिरतेवर निकाल लावायचा तर ते मध्यम प्रतीचं कर्करोगकारक ठरायला हवं होतं. ते का ठरत नाही, ते पुढे येईलच.

पायरी तिसरी: सॉफ्टवेअर आणि मशीन

रेणू काढायला अॅव्होगॅड्रो. वेगवेगळ्या आकाररचना, म्हणजे कॉन्फॉर्मर, शोधायला बॉनच्या ग्रिमे गटाचे एक्सटीबी आणि क्रेस्ट. मुख्य गणिताला ऑर्का: म्युल्हाइमच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक नेझे यांच्या गटाने विकसित केलेलं, नोंदणी केली की शैक्षणिक वापरासाठी फुकट. पूर्ण मुक्तस्रोत हवं असेल तर साय-फोर आहे. तुमच्या विभागात गाउसियनचं लायसन्स असेल तर तेही चालेल, पण दोन प्रोग्रामचे आकडे एकमेकांतून वजा करू नका. बी३एलवायपी हे एकच नाव दोन्हीकडे लिहिलं तरी ऑर्का आणि गाउसियन त्यातल्या एका घटकाची वेगळी आवृत्ती वापरतात आणि ऊर्जा जुळत नाही. ऑर्कामध्ये गाउसियनची पद्धत मागायला नावापुढे तिरकी रेघ आणि जी जोडावं लागतं.

बीपीडीईत सदतीस अणू आहेत. आठ कोर आणि सोळा जीबी मेमरीच्या साध्या मशीनवर त्याचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधणं, आरामात होतं. फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे रेणूच्या कंपनांचा, जॉब रात्री लावून झोपावं. ऑर्कात मेमरीची मर्यादा प्रत्येक कोरमागे मोजली जाते, एकूण नव्हे. सोळा जीबीच्या मशीनवर आठ कोर लावून मर्यादा चार हजार एमबी लिहिली की जॉब मरतो आणि कारणही नीट सांगत नाही. दीड हजारच्या आसपास ठेवा. पीएएचची पूर्ण मालिका करायची असेल तेव्हा संस्थेच्या क्लस्टरवर वेळ मागा. पुण्यात आयसरमध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतलं परम ब्रह्म आहे, पण या लेखातल्या कामाला त्याची गरज नाही.

पायरी चौथी: रेणू नीट काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चुका प्रोग्राम दाखवत नाही. चुकीचा रेणूही छान कन्व्हर्ज होतो.

डायोलचे दोन हायड्रॉक्सिल ट्रान्स, म्हणजे वलयाच्या विरुद्ध बाजूंना हवेत. मग इपॉक्साइड. त्याचा ऑक्सिजन सातव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या विरुद्ध बाजूला असेल तर तो अँटी समघटक, त्याच बाजूला असेल तर सिन. जैविकदृष्ट्या महत्त्वाचा आहे अँटी, आणि त्यातही (+)-अँटी: सातवा कार्बन आर, आठवा एस, नववा एस, दहावा आर. रेणू काढून झाला की अॅव्होगॅड्रोमध्ये चारही केंद्रांची चिन्हं तपासा आणि वहीत लिहा.

जाता जाता एक गोष्ट. (+)-अँटी आणि (−)-अँटी ही एकमेकांची आरशातली रूपं. तुमचा प्रोग्राम दोघांची ऊर्जा शेवटच्या अंकापर्यंत सारखीच देईल, आणि ते बरोबरच आहे. उंदरांमध्ये मात्र (+)-अँटी जोरदार गाठी करतं आणि (−)-अँटी जवळपास काहीच करत नाही. डीएनएची शिडी स्वतः एका हाताची असल्यामुळे हा फरक पडतो. एकट्या रेणूच्या गणिताला तो कधीच दिसणार नाही, कितीही मोठा बेसिस सेट लावा. हे वाक्य प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात आजच लिहून ठेवा, परीक्षक विचारतातच.

बेंझो-ई-पायरीनसाठी ९,१०-डायोल-११,१२-इपॉक्साइड काढायचा. त्यात बे-रीजन दोन आहेत, आणि नवव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल त्यातल्या एकात दाटीवाटीने बसतो. म्हणून तिथे डायोलचे दोन्ही हायड्रॉक्सिल वलयाच्या प्रतलाला जवळपास उभे, म्हणजे डायअॅक्सियल, राहणं पसंत करतात. अँटी-बीपीडीईत ते आडवे, डायइक्वेटोरियल असतात. चित्रात हे आपोआप येत नाही.

त्यामुळे एका रचनेवर समाधान मानू नका. संपृक्त वलय दोन अर्धखुर्ची आकारांत वळतं, शिवाय हायड्रॉक्सिलचे हायड्रोजन फिरतात. क्रेस्टला पाण्याच्या सॉल्व्हेंट मॉडेलसह सगळ्या रचना शोधू द्या आणि खालच्या पाच-सहा पुढे न्या. निर्वात अवस्थेत शोध घेतला तर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइडच्या ऑक्सिजनमधला हायड्रोजन बंध वाजवीपेक्षा प्रिय ठरतो आणि पाण्यात कधी न दिसणारी रचना पहिल्या नंबरवर येते. सिन समघटकात तर हे हमखास होतं.

पायरी पाचवी: ऑप्टिमायझेशन आणि फ्रिक्वेन्सी

आता फंक्शनल. भौमितिक रचनेसाठी बी३एलवायपी, डी३ डिस्पर्शन (अणूंमधलं क्षीण आकर्षण) दुरुस्तीसह, आणि डेफ२-एसव्हीपी बेसिस सेट पुरेसा आहे. मशीन जुनं असेल तर आर२स्कॅन-३सी ही तयार पद्धत घ्या, वेगाच्या मानाने फार चांगली रचना देते. डिस्पर्शन दुरुस्ती टाळायला मला एकही कारण दिसत नाही. ती जवळजवळ फुकट मिळते.

ऑर्काच्या इनपुट फाइलमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीत पद्धत, डिस्पर्शन, बेसिस सेट, ऑप्टिमायझेशन, फ्रिक्वेन्सी आणि पाण्यासाठी सीपीसीएम, एवढंच लिहायचं. त्याखाली भार, मल्टिप्लिसिटी (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असतील तर एक, एक सुटा असेल तर दोन) आणि अणूंचे सहनिर्देशक. डायोल इपॉक्साइडसाठी भार शून्य, मल्टिप्लिसिटी एक. कार्बोकॅटायनसाठी भार अधिक एक, मल्टिप्लिसिटी एक. इथे एक सोपी तपासणी आहे: सी२०एच१४ओ३ मध्ये १५८ इलेक्ट्रॉन, आणि त्यावर प्रोटॉन बसून उघडलेल्या सी२०एच१५ओ३ कॅटायनमध्येही १५८च. आउटपुटच्या सुरुवातीला प्रोग्राम इलेक्ट्रॉनांची संख्या छापतो. १५७ किंवा १५९ दिसले तर जॉब तिथेच थांबवा, एखादा हायड्रोजन राहिलाय किंवा जास्तीचा आलाय.

कॅटायन कसा बनवायचा? इपॉक्साइडच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन ठेवून ऑप्टिमायझेशन लावलंत तर बहुतेक वेळा वलय आपसूकच उघडतं आणि दहाव्या कार्बनवर धनभार असलेला ट्रायोल कॅटायन मिळतो. विद्यार्थी घाबरतात की रेणू 'तुटला'. तुटला नाही, प्रोटॉन बसलेल्या बेंझिलिक इपॉक्साइडला उघडायला अडथळाच उरत नाही, आणि आपल्याला तेच हवं होतं. नववा कार्बन आणि त्यावरचा नवा हायड्रॉक्सिल शाबूत आहे ना, एवढं पाहा.

फ्रिक्वेन्सीच्या यादीत एकही ऋण आकडा नको. असलाच तर त्या कंपनाचं अॅनिमेशन पाहा: बहुधा एखादा हायड्रॉक्सिल फिरायला बघत असतो. त्या दिशेने अणू थोडे सरकवून पुन्हा ऑप्टिमायझेशन लावा, ग्रिड एक पायरी बारीक करा. शंभर प्रतिसेंटिमीटरच्या खालच्या कंपनांमुळे एन्ट्रॉपी डळमळते, म्हणून क्वासी-हार्मोनिक दुरुस्ती वापरा. ऑर्का ती आपणहून लावतं.

मूळ हायड्रोकार्बनचंही एक ऑप्टिमायझेशन करून ठेवा. बेंझो-ए-पायरीन आणि बेंझो-ई-पायरीन दोन्ही सपाट येतात. बी३एलवायपीला बेंझो-ए-पायरीनची एकूण ऊर्जा −७६९ हार्ट्रीच्या आसपास दिसेल. यापेक्षा पुष्कळ वेगळा आकडा आला तर रेणू तपासा.

पायरी सहावी: मोठ्या बेसिस सेटवर अखेरची ऊर्जा

मिळालेल्या रचनेवर ओमेगा-बी९७एक्स कुळातलं, लांब पल्ल्याची दुरुस्ती असलेलं फंक्शनल आणि डेफ२-टीझेडव्हीपी घेऊन एकदाच ऊर्जा काढा. पाण्यासाठी एसएमडी मॉडेल. मोठ्या संयुग्मित कॅटायनमध्ये बी३एलवायपी भार जरा जास्तच पसरवून दाखवतं. लांब पल्ल्याच्या दुरुस्तीने त्याला लगाम बसतो. दोन्ही फंक्शनलचे आकडे घ्या आणि क्रम तोच राहतो का पाहा. क्रम बदलला तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका.

तुलना मात्र थेट करायची नाही. बीपीडीई आणि त्याचा कॅटायन यांच्यातल्या फरकात प्रोटॉनची पाण्यातली ऊर्जा येते, आणि तो आकडा बाहेरून आणावा लागतो. त्याऐवजी अदलाबदलीची अभिक्रिया मांडा: एका बाजूला बेंझो-ए-पायरीनचा डायोल इपॉक्साइड आणि बेंझो-ई-पायरीनचा कॅटायन, दुसऱ्या बाजूला बेंझो-ए-पायरीनचा कॅटायन आणि बेंझो-ई-पायरीनचा डायोल इपॉक्साइड. प्रोटॉन कटला, प्रमाण अवस्थेची दुरुस्ती कटली, पद्धतीच्या बऱ्याच चुकाही कटल्या. उत्तर ऋण आलं तर बेंझो-ए-पायरीनचा कॅटायन जास्त सोयीचा, म्हणजे पेन्सिलीच्या क्रमाला दुजोरा.

हार्ट्रीचे आकडे वजा करताना सहा दशांश स्थळं ठेवा. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी प्रतिमोल. तिसऱ्या स्थळाशी गोलाकार केलंत तर अर्ध्या किलोकॅलरीपेक्षा जास्त घोळ तिथेच होऊ शकतो. आणि खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे वेगात दसपट, हे डोक्यात राहू द्या. म्हणून अर्ध्या किलोकॅलरीच्या फरकावर परिच्छेदभर चर्चा करू नये.

पायरी सातवी: भार कुठे गेला?

माझ्या मते या सगळ्या कामातला सुंदर भाग हा आहे. तटस्थ डायोल इपॉक्साइड आणि कॅटायन, दोघांचे अणुभार काढा आणि प्रत्येक कार्बनवरचा फरक मांडा. म्युलिकन भार वापरू नका, बेसिस सेट बदलला की ते रंग बदलतात. हिर्शफेल्ड किंवा एनबीओ घ्या. फरक पायरीनच्या चित्रावर लिहा. पेन्सिलीच्या गणितात धनभाराचे ४/११ दहाव्या कार्बनवर आणि १/११ बाकीच्या सात तारांकित स्थानांवर होते, मधल्या १०सी वर शून्य. डीएफटीत (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे आपली फंक्शनलवाली पद्धत) आकडे हुबेहूब तेच येणार नाहीत, पण एकाआड एक अशी नक्षी ओळखू येते. ती नक्षी अजिबात दिसली नाही तर कॅटायन दुसऱ्याच कशात बदललाय, उदाहरणार्थ हायड्रोजन सरकून कीटोन झालाय, असं समजा आणि रचना पुन्हा उघडून पाहा.

पुढे जायचं असेल तर कार्बन-१३ एनएमआरचे शिफ्ट काढता येतात. सुपरअॅसिडमध्ये अशा पीएएच कॅटायनचे वर्णपट नोंदले गेले आहेत, त्यामुळे प्रयोगाशी ताडून पाहायची सोय आहे. आण्विक स्थिरविद्युत विभवाचा नकाशाही काढा. या विभवाच्या रचनेचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत पुणे विद्यापीठातले श्रीधर गद्रे यांचं नाव आघाडीवर आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने हा नकाशा निव्वळ रंगीत मुखपृष्ठासाठी वापरू नये, त्यातले किमान बिंदू वाचायला शिकावं. ग्वानिनचा नकाशा शेजारी ठेवलात तर आणखी एक गोष्ट दिसेल: सर्वांत ऋण जागा एन७ पाशी आहे, तरी बीपीडीई मुख्यतः एन२ वर जुळतं. आधी रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरतो आणि तिथून हाताशी काय येतं यावर जागा ठरते. सुट्या ग्वानिनवरचं गणित याचं उत्तर देत नाही; त्यासाठी डीएनएच्या तुकड्यासह क्यूएम/एमएम (मधल्या भागावर क्वांटम, बाकीच्यावर साधं यांत्रिक गणित) लागतं, आणि ते या लेखाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

रॅडिकल कॅटायनचा मार्ग, थोडक्यात

इथे रेणू मूळ हायड्रोकार्बनच घ्यायचा. तटस्थ रेणूची ऊर्जा, मग भार अधिक एक आणि मल्टिप्लिसिटी दोन ठेवून पुन्हा ऑप्टिमायझेशन. दोन ऊर्जांतला फरक २७.२११४ ने गुणला की आयनीकरण ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. कॅव्हालिएरी आणि रोगन यांचा आडाखा असा की साधारण ७.३५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली आयनीकरण ऊर्जा असलेले पीएएचच या वाटेने सहज जातात. बेंझो-ए-पायरीन त्या रेषेच्या खाली आहे, बेंझो-ई-पायरीन वर. पण डीएफटीचा आकडा प्रयोगापेक्षा काही दशांश खाली-वर सरकतो, म्हणून तुमचा आकडा थेट ७.३५ शी ताडू नका. प्रयोगाचे आकडे उपलब्ध असलेल्या पाच-सात पीएएचवर तीच पद्धत चालवा, सरळ रेषा बसवा, मग त्या रेषेवरून वाचा. स्पिन घनता बघायला विसरू नका. बेंझो-ए-पायरीनमध्ये ती सहाव्या कार्बनवर सर्वांत जास्त दिसली पाहिजे.

बेंझो-ई-पायरीनचं कोडं

आता तो टोचलेला काटा. कॅटायन तसा ठीकठाक स्थिर, तरी मूळ संयुग जवळपास निरुपद्रवी. कारण पहिल्या पायरीत आहे. बेंझो-ई-पायरीन शरीरात गेलं की एन्झाइम्स प्रामुख्याने त्याच्या ४,५ बंधावर, म्हणजे के-रीजनवर हल्ला करतात. बे-रीजनकडे नेणारा ९,१०-डायोल फारसा तयारच होत नाही, आणि जो होतो तो डायअॅक्सियल रचनेमुळे पुढे डायोल इपॉक्साइडकडे नीट जात नाही. आपण ज्या कॅटायनची ऊर्जा दोन दशांशांपर्यंत काढली, तो उंदराच्या त्वचेत जेमतेम जन्माला येतो.

म्हणून अहवालात दोन वाक्यं वेगवेगळी लिहा. 'बेंझो-ए-पायरीनचा बे-रीजन कॅटायन इतक्या किलोकॅलरीने जास्त स्थिर आहे' हे तुमच्या गणितातून निघतं. 'म्हणून बेंझो-ए-पायरीन कर्करोगकारक आहे' हे निघत नाही. त्याला चयापचयाचे प्रयोग, डीएनएशी जुळण्याचे प्रयोग आणि प्राण्यांवरचे निकाल लागतात. अहवालात प्रोग्रामची आवृत्ती, फंक्शनल, बेसिस सेट, सॉल्व्हेंट मॉडेल, किती कॉन्फॉर्मर तपासले आणि कुठला घेतला, सगळ्या रचनांचे सहनिर्देशक आणि शून्य ऋण फ्रिक्वेन्सींची नोंद, एवढं परिशिष्टात हवंच. डायोलची रचना उभी की आडवी, हे बहुतेक जण लिहायचं विसरतात. नंतर कोणी आकडे पुन्हा काढायला गेलं की नेमकं तिथेच अडतं.

ही जोडी जमली की पुढचा रेणू डायबेंझो-ए,एल-पायरीन घ्या: सी२४एच१४, प्राण्यांवरच्या चाचण्यांत आजवर सापडलेल्या सर्वांत जहाल पीएएचपैकी एक. त्यात बेऐवजी फिओर्ड-रीजन, म्हणजे आणखी खोल खोबण, आहे. समोरासमोरचे हायड्रोजन एकमेकांवर इतके येतात की रेणू पिळवटतो, आणि त्याचा डायोल इपॉक्साइड ग्वानिनपेक्षा अॅडेनिनकडे जास्त ओढला जातो. पेन्सिलीच्या पद्धतीला हा पीळ दिसतच नाही, कारण ती रेणू सपाट धरून चालते. तिथे डीएफटीची रचना पहिल्यांदा खरोखर लागते, आणि क्रेस्टला पिळाच्या दोन्ही दिशा शोधायला सांगावं लागतं.